संतांची कार्डं, मेडल आणि पुतळे: पुण्यात काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

कॅम्पातली धार्मिक वस्तूंची दुकानं, क्वार्टर गेटच्या सिटी चर्चपासून खडकी-येरवड्यापर्यंतच्या पॅरिशांमधले सणाचे स्टॉल आणि नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) दिवसांत फाटकाबाहेर मांडलेली टेबलं, या सगळ्यांवर मिळणाऱ्या मालाचं हे परीक्षण आहे. छपाई, धातू, प्लास्टर या बाबतीत पुण्यातला माल बरा असतो. खोट वेगळ्याच जागी आहे. संत, धन्यवादित, आदरणीय आणि ईश्वरसेवक अशा चार वेगळ्या पायऱ्यांवरची माणसं एकाच रॅकवर, एकाच मापाच्या कार्डांवर आणि पुष्कळदा एकसारखं सोनेरी तेजोवलय लावून विकली जातात. संतपद कोणाला द्यावं यावर कॅथलिकांमध्ये जो वाद चालतो, त्यातला अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो. म्हणून कार्ड हातात घेतल्यावर चित्राआधी मजकूर वाचावा.

मजकुरात चार गोष्टी बघायच्या: नावाआधीची पदवी, डोक्यामागचं वलय, प्रार्थनेचा शेवट आणि तळाची परवानगीची ओळ.

‘ईश्वरसेवक’ याचा अर्थ एवढाच, की रोमची हरकत नाही असं कळल्यावर स्थानिक बिशपांनी चौकशी उघडली आहे. ‘आदरणीय’ म्हणजे त्या व्यक्तीने ख्रिस्ती सद्गुण असामान्य पातळीवर आचरले, असं पोपनी मान्य केलं. ‘धन्यवादित’ होण्यासाठी मृत्यूनंतर घडलेला एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. त्यानंतर त्या व्यक्तीची सार्वजनिक भक्ती ठरावीक धर्मप्रांतापुरती, देशापुरती किंवा संघापुरती मोकळी होते. ‘संत’ होण्यासाठी धन्यवादित झाल्यानंतरचा आणखी एक चमत्कार लागतो आणि मग भक्ती साऱ्या चर्चमध्ये चालते. श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्यांना, म्हणजे रक्तसाक्षींना, पहिल्या चमत्काराची सूट आहे, दुसऱ्याची नाही. आपला जीव जाणार हे ठाऊक असून दुसऱ्यासाठी तो देणाऱ्यांकरता पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये वेगळा मार्ग उघडला. तिथे मात्र पहिला चमत्कारही लागतो.

ईश्वरसेवक आणि आदरणीय या पहिल्या दोन पायऱ्यांवर वलय चालत नाही. पोप अर्बन आठवे यांनी १६२५ आणि १६३४ मध्ये काढलेल्या आज्ञांपासून हा दंडक आहे, आणि तो कागदावरचा नाही. चौकशीत बिशपांना त्या व्यक्तीची कबर आणि राहती खोली प्रत्यक्ष पाहून लिहून द्यावं लागतं, की इथे सार्वजनिक भक्ती सुरू झालेली नाही. कबरीवर अखंड दिवा, भिंतीवर नवसाची पदकं, चर्चमधल्या अल्तारावर (वेदीवर) वलयाचं चित्र असं काही आढळलं, की ते आधी उतरवावं लागतं आणि फाईल तिथेच अडते. ज्यांचं त्या माणसावर सर्वांत जास्त प्रेम आहे, त्यांच्याच हातून हे होतं, याचं वाईट वाटतं. गोव्याच्या पिलारचे फादर आग्नेल यांचं कार्ड घेताना हे लक्षात ठेवावं. ते १९२७ साली वारले आणि १९८६ मध्ये त्यांना आदरणीय घोषित केलं गेलं. त्यांच्या योग्य कार्डावर साधं चित्र असतं, वलय नसतं, ‘खाजगी भक्तीसाठी’ असं छापलेलं असतं, आणि देवाची इच्छा असेल तर आपल्या या सेवकाचा गौरव व्हावा अशी विनंती प्रार्थनेच्या शेवटी असते. वलय असलेलं कार्ड कितीही सुबक असो, घेऊ नये आणि दुकानदाराला कारणही सांगावं.

प्रार्थनेच्या शेवटावरून कार्डाचं वयही कळतं. ‘संतपद मिळो’ अशी विनंती असलेलं केरळच्या सिस्टर अल्फोन्साचं कार्ड १९८६ ते २००८ मधलं, मदर तेरेसांचं २००३ ते २०१६ मधलं आणि कार्लो अकुतिसचं २०२० ते २०२५ मधलं असण्याची शक्यता जास्त. असा जुना साठा अजून निघतो. घरी जपून ठेवायला हरकत नाही, पण पॅरिशमध्ये वाटण्यासाठी गठ्ठ्याने घेऊ नये. जी गोष्ट घडून गेली, तीच मागणारी प्रार्थना शंभर लोक म्हणत बसतात. परवानगीची ओळ नसलेली नोव्हेना पुस्तिका तर सरळ परत ठेवावी. खाजगी प्रार्थनेच्या पुस्तकालाही स्थानिक बिशपांची परवानगी लागते, असं चर्चचा कायदा सांगतो. ‘ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, नाहीतर...’ छापाची पत्रकं या चाळणीत आपोआप गळतात.

सध्या तरुणांमध्ये मागणी आहे ती कार्लोच्या वस्तूंना: कार्ड, किचेन, स्टिकर, छोटे रेझिनचे पुतळे. जीन्स, लाल टी-शर्ट आणि पाठीवर सॅक अशा वेशातला संत याआधी कोणत्याच रॅकवर नव्हता. रेझिनच्या पुतळ्यांत चेहऱ्याचं रंगकाम तेवढं तपासावं. बाहुली-साच्यातले डोळे असले तर तो कार्लो वाटत नाही, कुठलाही शाळकरी मुलगा वाटतो. यापुढचा प्रश्न वस्तूचा उरत नाही. लंडनमध्ये जन्मलेला, मिलानमध्ये वाढलेला हा मुलगा १२ ऑक्टोबर २००६ रोजी पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला, २०२० मध्ये धन्यवादित झाला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. मृत्यूपासून एकोणीस वर्षं. हेच अंतर वसईच्या गोन्सालो गार्सियासाठी २६५ वर्षं होतं, त्रावणकोरच्या देवसहायमसाठी २७०, गोव्याच्या जोसेफ वाझ यांच्यासाठी ३०४.

पॅरिशमध्ये यावर दोन्ही बाजू ऐकू येतात. सुखवस्तू घरातला, संगणकात रमणारा, पवित्र मिस्साबलिदानातल्या चमत्कारांची वेबसाईट बनवणारा मुलगा गुणी खरा. पण त्यात असामान्य काय? ज्यांनी खस्ता खाल्ल्या, तुरुंग भोगले, त्यांच्या फाईली पडून असताना हा पुढे कसा गेला? दुसरी बाजू सांगते की वय आड येत नाही: डोमिनिक सावियो चौदाव्या वर्षी वारला आणि १९५४ मध्ये संत झाला, फातिमाची जासिंता नऊ वर्षांची आणि फ्रान्सिस्को दहा वर्षांचा होता, ते २०१७ मध्ये झाले. शिवाय असामान्य आचरण म्हणजे मोठं कर्तृत्व नव्हे. साधे सद्गुण सातत्याने, आनंदाने, आजारातही न सोडता पाळणं हीच कसोटी आहे, आणि त्या कसोटीवर शाळकरी मुलगाही उतरू शकतो. या मुद्द्यावर दुसरी बाजू बरोबर आहे. कार्लोच्या बाबतीत पाच वर्षांची वाट पाहिली गेली, दोन चमत्कार तपासले गेले, एकही पायरी गाळली गेली नाही. त्याचं कार्ड निःशंकपणे घ्यावं.

घाईबद्दलची तक्रार खरी लागू पडते ती जिथे पायऱ्या गाळल्या गेल्या तिथे. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रक्रिया बदलली. त्याआधी मृत्यूनंतर साधारण पन्नास वर्षं गेल्याशिवाय सद्गुणांची चर्चाच होत नसे, दोन्ही टप्प्यांवर जास्त चमत्कार मागितले जात, आणि ‘सैतानाचा वकील’ म्हणून ओळखला जाणारा अधिकारी प्रत्येक उमेदवाराविरुद्ध बोलण्यासाठीच नेमलेला असे. बदलानंतर वाट पाहण्याचा काळ पाच वर्षांवर आला, प्रत्येक टप्प्यावर एक चमत्कार पुरेसा ठरला आणि त्या वकिलाचं काम धर्मशास्त्रज्ञांच्या बैठकीचं अध्यक्षपद सांभाळण्यावर आलं. मग याच पोपनी आपल्या कारकिर्दीत ४८२ संत घोषित केले. यात फायदाही होता: साक्षीदार हयात असतात, आठवणी ताज्या असतात, आफ्रिका-आशियातल्या उमेदवारांना वाव मिळतो. पण पाच वर्षांचीही सूट द्यायला सुरुवात झाली. मदर तेरेसांना ती मिळाली, आणि पुढे खुद्द जॉन पॉल यांना मिळाली. एप्रिल २००५ मध्ये ते गेले, एप्रिल २०१४ मध्ये संत झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये व्हॅटिकननेच मॅकॅरिक अहवाल प्रसिद्ध केला. मॅकॅरिक म्हणजे लैंगिक अत्याचारांमुळे धर्मगुरूपदावरून काढलेले अमेरिकेचे माजी कार्डिनल. गैरवर्तनाच्या सूचना मिळूनही मॅकॅरिकना जॉन पॉल यांनी वॉशिंग्टनचं आर्चबिशपपद दिलं होतं, हे त्यात आलं. अमेरिकेतल्या काही कॅथलिकांनी जॉन पॉल यांची सार्वजनिक भक्ती आवरती घ्यावी अशी मागणीही केली.

जॉन पॉल १९८६ च्या भारतभेटीत पुण्यातही आले होते, त्यामुळे इथे त्यांच्या कार्डांना, कॅलेंडरांना, फ्रेमना वेगळी माया आहे. ती सोडायचं कारण नाही. संत घोषित करणं म्हणजे त्यांच्या प्रत्येक नेमणुकीवर शिक्का मारणं नव्हे. ते देवाजवळ आहेत आणि त्यांचं जीवन अनुकरणीय आहे, एवढंच चर्च सांगतं. पण सूट नसती तर कदाचित ही माहिती आधी समोर आली असती, तिच्यावर फाईलमध्येच वाद झाला असता आणि निकाल अधिक भक्कम राहिला असता. ज्याँ वानिये यांच्या बाबतीत वाट पाहिल्यामुळेच निभावलं. अपंगांसाठी घरं उभारणारा हा माणूस २०१९ मध्ये गेला तेव्हा लोक त्याला संतच म्हणत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्याच संस्थेने स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचाराचा अहवाल जाहीर केला. पाच वर्षं ही किमान मुदत आहे आणि ती कोणालाही माफ होऊ नये, मग त्यांच्या दफनाच्या वेळी चौकात कितीही घोषणा होवोत.

आता पुतळे. घरातल्या अल्तारासाठी नऊ ते बारा इंची पुतळा पुरतो. प्लास्टरचा पुतळा चेहऱ्याने सर्वांत देखणा असतो, पण बोटं, क्रूसाची टोकं आणि वलयाची तार आधी तुटते. तळ उघडा असतो म्हणून पावसाळ्यात पेठेतल्या ओल्या भिंतीजवळ तो पाणी पितो आणि रंग पापुद्र्याने सुटतो. घरी आणल्याबरोबर तळाला वॉर्निशचे दोन हात द्यावेत आणि खाली फेल्ट चिकटवावं. रेझिन टिकतं, पण वजनदार असतं. सोसायटीच्या ग्रोटोसाठी (उघड्यावरच्या गुहेसारख्या देवस्थानासाठी) फायबरच घ्यावं. प्लास्टर बाहेर एक पावसाळा धड काढत नाही. फायबरमध्ये जोडाची रेघ कानामागून पायापर्यंत बोटाने तपासावी. ती उघडी असली तर पाणी आत शिरून खालून गंजके ओघळ येतात.

कोणाचा पुतळा, यावर पुण्यातल्या पॅरिशांत रंग चढतो, कारण एकाच मिस्सेला गोवेकर, वसईकर, मल्याळी, तमिळ आणि अहिल्यानगरकडचे (पूर्वीचं अहमदनगर) मराठी कॅथलिक शेजारी बसतात आणि प्रत्येकाचा संत वेगळा. गोन्सालोचा पुतळा मिळणं सर्वांत कठीण. जो मिळतो तो बहुधा अंतोनीच्या साच्यातून काढलेला असतो: फ्रान्सिस्कन झगा तोच, फक्त हातातलं बाळ आणि लिलीचं फूल काढलेलं. गोन्सालोला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस जणांसोबत क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकलं. क्रूस आणि भाले नसतील तर तो गोन्सालो नाही. अल्फोन्साच्या काही कार्डांवर ‘भारताची पहिली संत’ असं छापलेलं असतं, ते चूक आहे. ती भारताची पहिली स्त्री संत. गोन्सालोला १८६२ मध्येच संतपद मिळालं. त्याचे वडील पोर्तुगीज होते म्हणून त्याला भारतीय मोजायचं नाही, हा युक्तिवाद टिकत नाही. आई इथली, जन्म वसईचा, बालपण वसईचं.

देवसहायमच्या कार्डावर नाव बघावं. त्रावणकोरच्या या गृहस्थाला १७५२ मध्ये गोळ्या घालून मारलं. १५ मे २०२२ रोजी तो संत झाला, धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेला पहिला भारतीय संत. ‘पिल्लई’ हे जातीचं नाव लावू नये अशी मागणी झाली, ती व्हॅटिकनने मान्य केली आणि घोषणेत ते वगळलं. जुन्या साठ्यात अजून आहे. नवं कार्ड मागून घ्यावं. या वादात ज्यांनी नेट धरला त्यांचं म्हणणं योग्यच होतं. जातीभेद न मानता सगळ्यांसोबत जेवणाऱ्या माणसाच्या नावामागे जात छापणं हा त्याच्यावर अन्याय होता.

जोसेफ वाझ यांना पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१५ मध्ये दुसऱ्या चमत्काराशिवाय संतपद दिलं. सूट इथेही होती, पण तीन शतकांची अखंड भक्ती पाठीशी होती, म्हणून वाद पेटला नाही. फ्रान्सिस झेवियर यांचं तसं नाही. त्यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यात इन्क्विझिशनची (धर्मद्रोहाची चौकशी करणाऱ्या न्यायालयाची) मागणी केली होती, हे लपवून चालणार नाही. गोव्याहून त्यांचं मेडल आणणाऱ्याने तेही वाचलेलं असावं. दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीचा प्रश्न त्याहून बोचरा. १५८३ मध्ये मारल्या गेलेल्या पाच जेझुइटांना १८९३ मध्ये धन्यवादित केलं गेलं, पण त्यांच्यासोबत मरण पावलेले स्थानिक ख्रिस्ती यादीत आले नाहीत. त्याआधी पोर्तुगीजांनी तिथली मंदिरं उद्ध्वस्त केली होती, आणि त्यानंतर मारल्या गेलेल्या गावच्या प्रमुखांचं स्मारकही त्याच गावात आहे. या पाच जणांचं कार्ड मुद्दाम शोधण्याची घाई नको. आधी इतिहास वाचावा. नगर रोडवरच्या पेपल सेमिनरी-ज्ञानदीप परिसरात चर्चचा इतिहास आणि कायदा शिकवणारी माणसं आहेत, पॅरिशच्या चर्चासत्रासाठी तिथल्याच एखाद्या अभ्यासकाला बोलवावं.

मेडलबद्दल थोडक्यात: अॅल्युमिनियमचं मेडल घामाने करडा डाग सोडतं, पितळेचं हिरवं पडतं, स्टीलचं निमूट टिकतं. वरची कडी जोडलेली नसून नुसती वाकवलेली असेल तर ती महिन्याभरात उघडते. पक्कड लावून घ्यावी.

अवशेषांच्या बाबतीत मात्र एक पैसाही देऊ नये. पवित्र अवशेष विकणं चर्चच्या कायद्याने सर्वथा निषिद्ध आहे, आणि डिसेंबर २०१७ च्या सूचनापत्रात व्हॅटिकनने ते पुन्हा बजावलं. मार्च २०२५ मध्ये कार्लोचे केस म्हणून काही बटा ऑनलाईन लिलावात आल्या, तेव्हा असिसीच्या बिशपांनी पोलिसी तक्रारीचा मार्ग धरला. संताच्या कबरीला लावलेल्या कापडाचा तुकडा चिकटवलेलं कार्ड मिळतं, त्यात फक्त कार्डाची किंमत असावी. ‘कापडामुळे जास्त’ असं सांगितलं की उठावं. हाडाचा किंवा रक्ताचा अवशेष असल्याचा दावा असेल, तर सोबत चर्चच्या अधिकाऱ्याची सही-शिक्क्याची प्रमाणपत्रिका आणि न फुटलेली लाखेची मोहर हवी. घरात आजोबांच्या वेळची अशी डबी कागदाविना सापडली, तर ती उघडू नये, विकू नये. पॅरिशच्या धर्मगुरूंमार्फत बिशपांच्या कार्यालयात द्यावी.

ज्यांची कार्डं अजून सहजी मिळत नाहीत, त्यांच्याबद्दल आस्था जास्त हवी. सिस्टर राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात बसमध्ये खून झाला. गरीब शेतमजुरांना त्यांनी सावकारांच्या पाशातून सोडवायला सुरुवात केली होती. वाद असा झाला, की हा खून श्रद्धेच्या द्वेषातून की पैशाच्या रागातून? हाच प्रश्न एल साल्वाडोरच्या आर्चबिशप रोमेरोंच्या बाबतीत, १९८० मधल्या त्यांच्या खुनानंतर पस्तीस वर्षं घुटमळला. रोमने दोघांनाही रक्तसाक्षी मानलं, आणि ते योग्यच झालं: ज्या श्रद्धेमुळे गरिबाची बाजू घेतली, त्या श्रद्धेसाठीच जीव गेला. राणी मारिया २०१७ पासून धन्यवादित आहेत. ओडिशातल्या कंधमालमध्ये २००८ साली मारल्या गेलेल्या पस्तीस जणांची, कंथेश्वर दिगाल आणि त्यांच्या साथीदारांची, चौकशी उघडायला रोमने २०२३ मध्ये संमती दिली. यात बहुतेक साधे, संसारी, गरीब लोक आहेत. त्यांच्यामागे खर्च उचलणारा मोठा संघ नाही. अशा फाईलींचा हिशेब नीट राहावा म्हणून २०१६ मध्ये नवे नियम आले, पण पैसा, भाषांतर आणि रोममध्ये पाठपुरावा करणारा माणूस ज्याच्याकडे, त्याची फाईल पुढे, हे अजून बदललेलं नाही. त्यांची कार्डं छापायची असतील तर वलयाशिवाय, ‘ईश्वरसेवक’ अशाच पदवीने आणि बिशपांच्या परवानगीनेच छापावीत.

कार्डाच्या मागे बहुधा एक पत्ता असतो, प्रार्थना फळली तर कळवण्यासाठी. तो घाईने वापरला जातो आणि पत्रं वाया जातात. कळवायचं असेल तर आजाराआधीचे आणि नंतरचे रिपोर्ट, स्कॅन, औषधांची यादी आणि तारखा जपाव्यात. प्रार्थना कोणाच्या मध्यस्थीने, कधी सुरू केली आणि सोबत कोण होतं, हे त्याच आठवड्यात लिहून ठेवावं. एकाच वेळी अंतोनी, वेलंकणी माता आणि एखादे ईश्वरसेवक अशा सगळ्यांकडे मागितलं असेल तर बरं होणं कोणाच्या नावे लावायचं, इथेच प्रकरण संपतं. म्हणून एकाच उमेदवाराकडे मागावं. रोमचं डॉक्टरांचं मंडळ पाहतं ते असं: आजार गंभीर होता का, बरं होणं झटक्यात, पूर्ण आणि टिकाऊ होतं का, उपचारांनी त्याचा उलगडा होतो का. २०१६ च्या नियमांनुसार सातपैकी पाच किंवा सहापैकी चार डॉक्टरांचं मत अनुकूल लागतं, आणि एकच प्रकरण तीनपेक्षा जास्त वेळा तपासलं जात नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची श्रद्धा कोणतीही असो, त्यांची साक्ष चालते. त्यांच्याकडून ‘चमत्कार’ असं लिहून मागू नये. अशी सुधारणा का झाली ते वैद्यकाला सांगता येत नाही, एवढंच त्यांनी लिहिलं तरी पुरे. रुग्णालयं जुनी कागदपत्रं कायम ठेवत नाहीत, तेव्हा पूर्ण फाईलीची प्रत घरी जातानाच मागून घ्यावी.